शुक्रवारची तारीख

नीलांबरीने सावनीची वही ड्रॉवरमधून काढली आणि पुन्हा आत सरकवली. आज मंगळवार. वही शुक्रवारपासून तिच्याकडे पडून होती.

अमेरिकेतल्या कॅरी गावाजवळच्या त्यांच्या औषध कंपनीत प्रयोगाच्या प्रत्येक पानाखाली सहकाऱ्याने वाचून सही करायची, तारीख घालायची. पेटंट कोणाला, हे तेव्हा अशा तारखांवरच ठरायचं. आणि डॅनशेनच्या मागे दुसरीही एक कंपनी लागली होती.

डॅनशेन म्हणजे एक लाल मुळी. चिनी वैद्य हृदयविकारावर तिचा काढा देतात. काढ्यातलं नेमकं काय हृदयाच्या पेशी वाचवतं, हे शोधण्यात नीलांबरीची चार वर्षं गेली होती. हाती काही लागलं नव्हतं. पुण्याहून येऊन जेमतेम दोन वर्षं झालेल्या सावनीने काढा गाळून उरलेला चोथा अल्कोहोलमध्ये भिजवला, अल्कोहोल उडवून तो अर्क मरणाऱ्या पेशींना दिला, आणि त्या जगल्या.

चोथा! चार वर्षं नीलांबरी स्वतःच्या हाताने तो कचऱ्यात टाकत आली होती. तिचा नुसता जळफळाट झाला. हिला एअरपोर्टवरून आणलं मी, ड्रायव्हिंग शिकवलं मी, आणि आता बॉस हिच्या टेबलाशी उभा राहून हसतो.

“नीलूताई, ते चोथ्याचं पेज साइन केलंस का गं? पेटंटवाले विचारून गेले.”

“वेळ नाही मिळाला. एवढी काय घाई आहे?”

“नाही, सहज विचारलं,” म्हणत सावनी गेली.

आजची नोंद करायला नीलांबरीने स्वतःची वही उघडली. शेवटच्या पानावर तिच्याच अक्षरात होतं : परिणाम नाही. खाली सावनीची सही. तारीख शुक्रवारची.

तिने मागची पानं उलटली. परिणाम नाही. परिणाम नाही. दोन वर्षांतल्या प्रत्येक पानाखाली तीच बारीक सही, त्याच दिवसाची तारीख. एका दिवसाचाही उशीर कधी झालेला नव्हता.

तिने सावनीची वही काढली, पान नीट वाचलं, सही केली. शुक्रवारची तारीख घातली असती तर कुणाला कळलंही नसतं. तिने मंगळवारची घातली आणि खाली लिहिलं : वही शुक्रवारपासून माझ्याकडे होती. उशीर माझ्यामुळे.

मग ती वही घेऊन सावनीच्या टेबलाशी गेली. सावनीने ती ओळ वाचली. मग वही मिटून हात पुढे केला.

“आजचं तुझं पान दे ना, ताई.”