अमावास्येनंतरचा हॉर्न

मी ट्रक बोलतोय. किल्ली घरात खुंटीला आहे, इंजिन थंड पडलंय, तरी बोलतोय. दचकू नका. निपाणीच्या चहाच्या टपऱ्यांवर माझ्याबद्दल याहून विचित्र गोष्टी सांगतात. खरी गोष्ट एकच आहे, आणि नेमकी तीच कुणाला ठाऊक नाही.

मी सहा चाकांचा, टर्बो इंजिनाचा. वय वीसच्या पुढं. कारखान्यातून आलो तेव्हा नुसता सांगाडा होतो, बॉडी बेळगावात बांधली. माझ्या मालकांनी, मारुतीरावांनी, मला पहिल्यांदा चढाला घातलं आणि टर्बोची शिटी ऐकून एकटेच हसले, ते मला अजून आठवतं. तंबाखू, गूळ, कांदा, सिमेंट, जे मिळेल ते आम्ही वाहिलं. चिकोडीपासून बेळगावपर्यंतचे खड्डे मला पाठ आहेत.

मारुतीराव फार बोलत नसत. त्यांच्या डाव्या हाताला करंगळी नव्हती. तरुणपणी गुऱ्हाळाच्या चरकात गेली होती. हँडब्रेक ओढताना दांड्यावर अंगठा धरून चारच बोटं बसायची. ती पकड मी कुठंही ओळखेन. दर अमावास्येला ते मला धुवायचे, हळदकुंकू लावायचे आणि पुढच्या चाकासमोर दगडावर नारळ फोडायचे. मग खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून निघायचे.

दोन वर्षांपूर्वी तवंदीचा घाट चढताना त्यांच्या छातीत कळ आली. सकाळचे दहा वाजले होते, लख्ख ऊन होतं. त्यांनी मला कडेला घेतलं, हँडब्रेक ओढला आणि मगच ते स्टेअरिंगवर कलंडले. त्यांच्या अंगाखाली हॉर्न दाबला गेला. माणसं धावत येईपर्यंत मी एकसारखा ओरडत होतो. त्यांच्या बायकोला, गुणाबाईंना, कुणीतरी सांगितलं की शेवटपर्यंत हॉर्न वाजत होता. बाकी काही त्यांच्या मनात राहिलं नाही, तेवढं राहिलं.

मुलगा भरमा मला चालवू लागला. अमावास्येची पूजा गुणाबाईंनी स्वतःकडं घेतली. आणि दोन-तीन महिन्यांत ते सुरू झालं.

पहिल्यांदा वाजलो तो भर दुपारी, अंगणात. केबिनला कुलूप, आत कुणी नाही. मला स्वतःलाच कळेना, मला कोण वाजवतंय. कोंबड्या पांगल्या. गुणाबाई भाकरी थापत होत्या, त्या पिठाच्या हातानं बाहेर आल्या आणि माझ्यापुढं उभ्या राहिल्या.

"काय म्हंतायसा?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

मी गप्प झालो. त्या बराच वेळ तिथंच होत्या. हाताला लागलेलं पीठ वाळून गेलं.

मग कधी उन्हात दिवे लागायचे, कधी कोरड्या काचेवर वायपर एकदाच फिरून थांबायचा. चढाला टर्बोची शिटी मध्येच विझायची, जोर जायचा, आणि मैलभर पुढं गेल्यावर काही झालंच नाही असा मी पुन्हा पळू लागायचो. भरमानं मेस्त्री पालथे घातले. टर्बो खोलून झाला, बॅटरी बदलून झाली, डिझेलचा पंप झाडून झाला. मेस्त्रीच्या दारात मात्र मी ठणठणीत. डॉक्टरांसमोर गेलं की माणसाचं पोट दुखायचं थांबतं ना, तशी ही आमची खोड.

लोक बोलू लागले. हमाल माझ्यात चढायला कां कूं करू लागले. भरमा चालवताना शेजारच्या रिकाम्या सीटकडं बघायचा. फक्त गुणाबाई सुखात होत्या. "ते हायत गाडीत," म्हणायच्या आणि पुढच्या अमावास्येला एकाऐवजी दोन नारळ आणायच्या.

मग ती सकाळ आली. माझ्या पाठीवर गूळ होता, तवंदीचा चढ होता, धुकं होतं, मागं माणसांनी भरलेली बस होती. टर्बोचा दम सुटला आणि इंजिन एकदम बंद पडलं. मी मागं घसरू लागलो. भरमानं दोन्ही हातांनी स्टेअरिंग आवळलं, ब्रेकवर उभा राहिला, पण तेवढ्या वजनाला ब्रेक धरेना. बसमधली माणसं किंचाळायला लागली. आणि हँडब्रेक ओढला गेला. बस हातभर अंतरावर असताना मी थांबलो.

भरमा कितीतरी वेळ आपल्या हातांकडं बघत बसला.

घरी येऊन तो एवढंच म्हणाला, "आई, गाडी भंगारात घालतो." कशामुळं, ते सांगितलं नाही.

गुणाबाई शांतपणे म्हणाल्या, "आदी मला मसनात पोचीव. मग तुज्या बाला भंगारात घाल."

एवढं ऐकल्यावर भरमाचा पाय निघेना. शेवटचा इलाज म्हणून त्यानं रचनाला बोलावलं. रचना निपाणीत गाड्यांचं वायरिंग करते. भुताखेताचं नाव काढलं की तिच्या कपाळाला आठी पडते. तिनं आल्या आल्या पान्याला हात लावला नाही. भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणायला सांगितलं.

"भरमाअण्णा, आठवंल तसं सांगा. कुठल्या कुठल्या दिवशी बिघडली?"

भरमा सांगत गेला, ती पेन्सिलीनं खुणा करत गेली. पाच खुणा झाल्यावर तिचा हात थांबला. प्रत्येक खूण अमावास्येच्या काळ्या टिंबानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पडली होती.

भरमानं त्या टिंबांवर बोट ठेवलं. "मी काय वेगळं म्हंतोय, ताई?"

"अमावास्येला गाडीला काय करता?"

गुणाबाई पुढं आल्या. त्यांनी नारळ कसा फोडतात ते रिकाम्या हातानं दाखवलं. चाकासमोर नाही, माझ्या बंपरच्या हुकावर. "गुडघं वाकत न्हाईत गं, पोरी. म्हणून हितंच फोडते. आन् पानी हितनं आत सोडते." त्यांनी माझ्या पुढच्या जाळीकडं बोट केलं. "त्यांच्या तोंडात पडावं म्हणून. जाताना तोंडात पानी घालायला मी नव्हते."

 रचनानं जाळी काढली. मागं वायरींचा मोठा जोड होता. हॉर्न, दिवे, वायपर, इंजिनाला डिझेल सोडणारी वायर, सगळं तिथून जातं. तो गंजून हिरवा पडला होता, आणि त्या हिरव्यात कुंकू घट्ट बसलं होतं.

"नारळाचं पाणी लवकर वाळत न्हाय, मावशी," ती जपून म्हणाली. "दोन-तीन दिवस ओल धरतंय. मग एका तारेतला करंट दुसरीत जातो. हॉर्न वाजतो, डिझेल तुटतंय, जोर जातो."

"म्हंजे हॉर्न त्यांनी वाजवला न्हाय."

"न्हाय, मावशी."

गुणाबाई त्या हिरव्या जोडाकडं बघत राहिल्या. मग गुणाबाईंनी विचारलं, "आन् चढाला डिझेल तुटलं तर माज्या भरमाचं काय?" भरमानं मान खाली घातली. गुणाबाईंनी माझ्या नाकावरून एकदा हात फिरवला. "बदल ती वायर," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

काम संपल्यावर भरमानं रचनाला बाजूला घेतलं.

"हँडब्रेकला करंटची वायर असती का, ताई?"

"न्हाय. तो हातानं ओढायचा."

"घाटात माझं दोन्ही हात स्टेअरिंगवर हुतं."

रचना फडक्यानं हात पुसत राहिली. "भ्यालेल्या माणसाला आठवत न्हाय, अण्णा." तिला दुसरं काय म्हणता आलं असतं? भरमानंही ते मानून घेतलं. आईला घाटातलं काही सांगायचं नाही असं त्यानं ठरवलंय. ती पुन्हा त्याला गाडीवर बसू देणार नाही, ही त्याची भीती.

पण दांडा माझा होता. त्या सकाळी त्यावर अंगठा धरून चारच बोटं होती. गार होती आणि घाईत नव्हती.

तेव्हापासून मी एकदाही बिघडलो नाही. पुढच्या अमावास्येला गुणाबाईंनी नारळ चाकासमोर दगडावर फोडला, भरमानं त्यांचा दंड धरला होता. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या पायरीवर येऊन माझ्याकडं तोंड करून बसल्या. माझी सावली त्यांच्या पायांपर्यंत आली तरी उठल्या नाहीत. मी वाजलो नाही. मला किती वाजावंसं वाटलं, ते कुणाला सांगू? शेवटी, "गेले म्हनायचं," असं पुटपुटत त्या उठल्या. गेल्या अमावास्येला त्या बाहेरच आल्या नाहीत. आता दोन वेळचं जेवणही अर्धं ठेवतात, असं भरमा फोनवर कुणाला तरी सांगत होता.

माझा हॉर्न आता कुणी दाबल्याशिवाय वाजत नाही, आणि वाजला तरी त्यातून एवढं सांगता येणार नाही. म्हणून तुम्हाला विनवतो. कधी निपाणीकडं आलात, रस्त्यापासून आत असलेल्या एका घराच्या अंगणात पुसट निळ्या केबिनचा जुना ट्रक दिसला, तर थांबा. आत जाऊन गुणाबाईंना सांगा, हॉर्न त्यांचा नव्हता. हँडब्रेक त्यांचा होता.