गटारात जाणारे गरम पाणी

नऊ फेब्रुवारी. सकाळी दाट धुके, वारा अजिबात नाही. धूर चिमणीपाशीच घुटमळत होता. मी कापड रंगवणाऱ्या कारखान्यातला बॉयलर बोलतोय. धूर माझाच.

मला इथे बसवून सव्वीस वर्षे झाली. कोळसा खायचा, पाण्याची वाफ करायची. ती हौदांखालच्या नळ्यांतून फिरते, रंग तापवते आणि पुन्हा पाणी होते. मला पेटवणारे मामा. ते इथे कुणाचेच मामा नाहीत, पण मॅनेजरसुद्धा त्यांना मामाच म्हणतात. पाळी सुरू करताना ते माझ्या पोटावर थाप मारतात. तापल्यावर लांबूनच विचारपूस.

गेल्या महिन्यात एका परदेशी कंपनीने कारखान्यात भांडवल घातले. कोळसा आणि धूर कमी झाला नाही, तर गॅसवर आपोआप चालणारा बॉयलर येणार होता. रंगखात्याचा मुकादम मामांना म्हणाला, "तुम्हा दोघांना भंगाराच्या एकाच टेम्पोत घालू. वजन चांगलं भरेल." मामा हसले. त्या दिवशी डबा मात्र भरलेलाच परत गेला. मुलीचे शिक्षण अजून अर्धे आहे.

आज त्या कंपनीच्या इंजिनियर बाई दुभाष्याला घेऊन तपासणीला आल्या. माझ्याकडे न बघता त्या मागच्या गटारापाशी थांबल्या. तिथे वाफ निघत होती. पॅकिंगच्या बायका तिथल्या पाइपाखाली जेवणाचे डबे धूत होत्या. हे पाणी कुठले, असे बाईंनी विचारताच बायकांनी डबे आवरायला घेतले.

शेवटी मामा बोलले. "वाफेचं, बॉयलरकडे परत जायचं गरम पाणी आहे. पंप बिघडला म्हणून चार दिवसांसाठी इकडे सोडलं होतं. अकरा वर्षं झाली. डब्यांची सोय होते म्हणून मीही विषय काढला नाही. चूक माझी."

बाईंनी त्या पाण्यात थर्मामीटर धरला आणि आकडा वहीत लिहून घेतला. मग दुभाष्याकडून सांगितले, की म्हाताऱ्या बॉयलरला रोज गार पाणी पाजायचे आणि वर तो फार खातो म्हणायचे, हे बरे नाही.

पोटातली आग तीच, पण मला पहिल्यांदाच हलके वाटले. तुमच्याकडेही कुठल्या गटारातून वाफ येत असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी तिकडे एकदा बघा.

दोन मार्च. आकाश निरभ्र. नवा पंप बसला. कोळसा रोजच्या चौदा ढकलगाड्यांऐवजी अकरा. शेजारच्या दोन कारखान्यांचे बॉयलरवाले पाइप बघून गेले. गॅसचा बॉयलर रद्द. मामांची नोकरी कायम, पाळी सकाळची पहिली. पॅकिंगच्या बायकांसाठी गरम पाण्याचा नळ, एक.