डिस्क सोडवताना

रोडोपीच्या डोंगरातल्या गावात वाचनालयाचा संगणक स्तोयनाच्या हाती होता, आणि आज सकाळपासून तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मान्यो आजोबांची बायको, गाणारी स्ताना, जाऊन पस्तीस दिवस झाले होते. तिच्या गाण्यांच्या जुन्या कॅसेटी एकदाच धड वाजल्या, तेवढ्यात गाणी संगणकात उतरवून झाली आणि फिती तुटल्या. संगणकात जागा उरली नव्हती, म्हणून स्तोयनाने नुकतीच सगळी गाणी विल्कोच्या डिस्कवर हलवली. नक्कल मागे ठेवली नाही. विल्को म्हणजे आजोबांचा मुलगा. आईच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला तो ती गाणी स्पेनमध्ये बहिणीच्या घरी लावणार होता. त्याची बस दोनची होती आणि दोनला दहा मिनिटं कमी होती.

“काढू का?” विल्कोने विचारलं.

“थांब रे बाबा, सोडतच नाहीये.”

लिनक्सचं एकच पालुपद चाललं होतं: डिस्क वापरात आहे. कोण वापरतंय, असं तिने विचारलं तर गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रामचं नाव आलं. पलीकडे मान्यो आजोबा कानाला लांब वायरचे हेडफोन लावून, डोळे मिटून बायकोला ऐकत बसले होते.

“बंद करायला सांग त्यांना,” स्तोयना म्हणाली. “तुझे वडील आहेत.”

“मी? मेलो तरी नाही सांगणार.”

तिलाही ते जमेना. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. डिस्क सोडवायच्या आज्ञेला एक अक्षर जोडलं की डिस्क यादीतून लगेच जाते, पण तिच्यावर गाणी लिहिण्याचं काम मागे चालूच राहतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिने ते अक्षर जोडलं. यादीतून नाव गेलं.

“निघाली?”

“हो, ने,” ती म्हणून गेली.

विल्कोने डिस्क उपसली, बापाच्या डोक्याचं चुंबन घेतलं आणि पळत सुटला. पडद्यावर ओळींमागून ओळी येऊ लागल्या: लिहिता आलं नाही, लिहिता आलं नाही. गाणी डिस्कवर पुरती उतरलीच नव्हती आणि संगणकातूनही गेली होती. त्याला परत बोलावून तरी काय देणार होती ती?

“पोरी,” आजोबा म्हणाले, “हे संपलं. पुढचं लाव ना. लग्नातलं, माझ्यासाठी रचलेलं.”

ती त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली. “आजोबा, मी घालवलं ते.”

“काय म्हणतेस? मोठ्याने बोल, कानात हे आहे.”

मग तिला ते पुन्हा, ओरडून सांगावं लागलं.