खरी का खडूची

भावसिंगनं दारू सोडली, यावर वारंगा फाट्याजवळच्या त्याच्या तांड्यात कुणाचा विश्वास बसत नव्हता. बसेल कसा? ज्यानं पंधरा वर्षं दात घासायच्या आधी घोट घेतला, बायकोच्या पायातली कडी विकून प्यायला, तो साडेचार महिने थेंबाला शिवत नाही म्हणे! "शंभर उंदीर खाऊन मांजर काशीला निघाली," असं नायकच म्हणायचा, आणि तांड्याचा प्रमुखच म्हणाला की बाकीच्यांना हसावं लागतं. भावसिंगही हसायचा. आतून जळायचा, पण हसायचा.

त्याला स्वतःलाही वाटायचं की दारू आपण सोडली नाही, गोळीनं सोडवली. शहरातल्या एका मोठ्या दवाखान्याचे डॉक्टर हिंगोलीत येऊन चाळीस दारुड्यांवर नव्या गोळीचा प्रयोग करत होते. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. विसांना खरी गोळी, विसांना नुसती खडूची. दिसायला दोन्ही सारख्याच. कुणाला कोणती, ते शहरात लाखबंद पाकिटात. सहा महिन्यांनी फुटणार. तोवर डॉक्टरांनाही ठाऊक नाही. पण खरी गोळी अंगात असताना जो दारू घेईल त्याचं काळीज फुटायला येईल, ओकाऱ्या होतील, जीवही जाईल. कबूल असेल त्यानं अंगठा द्यावा. भावसिंगनं दिला. त्याच्या बायकोनं, द्वारकाबाईनंही दिला, कारण रोज सकाळी गोळी हातावर ठेवायची आणि गिळलेली बघायची, हे काम तिचं.

त्या चाळिसांत शिरड शहापूरचा नरसिंगही होता. दुसऱ्या महिन्यात त्यानं पुतण्याच्या बारशाला पेलाभर घेतली आणि त्याला खाटेवर घालून हिंगोलीला आणावं लागलं. ओठ निळे पडलेले, छाती भात्यासारखी वरखाली. वाचला, पण कसाबसा. भावसिंगनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या दिवसापासून दारूचा नुसता वास आला तरी त्याला घाम फुटायचा.

आणि आता लेकीची, जमनीची सगाई आली होती. मुलगा पलीकडच्या तांड्यातल्या वसरामचा, हिंगोलीच्या एस.टी. डेपोत नोकरीला. सोन्यासारखं स्थळ! पण या तांड्यांची रीत अशी, की पंचांसमोर दोन्ही बापांनी एकाच वाटीतून मोहाची प्यायची. प्याली की सोयरीक पक्की, नाकारली की मोडली. बाप मेला असेल तरच चुलत्यानं प्यायची.

सगाईला चार दिवस उरले तेव्हा भावसिंग हिंगोलीला गेला. गोळ्या वाटणारे कंपाउंडर किशनराव एकटेच होते.

"आजपासून गोळी बंद केली तर?"

"पंधरा दिवस ऱ्हाती अंगात."

"मंग माझ्या येकट्याचं पाकीट फोडा की, साहेब! खडूची असंल तर सुटलो."

"अरे बाबा, खुद्द डॉक्टरास्नी फोडता येत न्हाई. येकाचं फोडलं की समद्या परयोगाचं वाटोळं." किशनरावांनी एक चिठ्ठी लिहिली, शिक्का मारला. 'हा इसम औषधावर आहे, यास दारू देऊ नये.'

ती चिठ्ठी घेऊन भावसिंग तसाच वसरामकडे गेला. वसरामनं ती उलटसुलट पाहिली आणि परत केली.

"पंधरा वर्षं साऱ्या दुनियेची पिलास, आन् माझ्याच वाटीला दवाखाना आठवला व्हय?"

"पाकीट फुटंस्तोवर थांबा. दीड महिना फकस्त."

"काहून थांबू? पोराला धा ठिकाणाहून सांगून येऊन राहिलं. न्हाई पिणं होत तर तुझ्या भावाला पुढं कर. पर आधी पंचांला सांग, भावसिंग जिता हाय का मेला?"

माणूस चुकीचं बोलत नव्हता, हीच तर तकलीफ होती.

घरी द्वारकाबाई कडाडली, "मोडू द्या सोयरीक! लेकीला बाप न्हाई का लागत?" जमनी कोपऱ्यात सगाईच्या ओढणीला आरसे लावत होती. तिची सुई थांबली.

"पयली सोयरीक म्या पिऊन मोडली," भावसिंग म्हणाला. "पंचांच्या तोंडावर वाटी भिरकावली व्हती. आता ही न पिता मोडू? इकडं आड, तिकडं विहीर. लेकरानं काय घोडं मारलं माझं?"

सगाईच्या सकाळी द्वारकाबाईनं कुणाला न विचारता बैलगाडी जुंपली, तोंड फाट्याकडं करून उभी केली. आत खाट टाकली. भावसिंगनं ते पाहिलं आणि मान फिरवली.

वसराम प्याला, वाटी पुढं आली. भावसिंगचा हात इतका थरथरला की नायक म्हणाला, "बघा, कसं हावरट झालंया!" सगळे हसले. भावसिंगनं डोळे मिटले आणि वाटी तोंडाला लावली.

मग तो वाट बघत बसला. नायकानं विडी पेटवली, ओढली, विझवली. दुसरी पेटवली. छाती शांत. तोंडाला लाली नाही, ओकारी नाही. नुसती ती जुनी, ओळखीची ऊब पोटातून वर सरकायला लागली.

खडू! साडेचार महिने तो खडू गिळत होता. कुणी धरून ठेवलं नव्हतं त्याला, तो आपला आपणच राहिला होता. त्याला मोठ्यानं हसावंसं वाटलं, आणि लगेच अशी भीती वाटली की तशी नरसिंगला बघूनही वाटली नव्हती. आता अडवणारं कोण?

"आता दुसरी, आनंदाची!" वसरामनं वाटी काठोकाठ भरली. भावसिंगचा हात आपोआप पुढं गेला. थरथरत नव्हता. समोर जमनी उभी होती, नव्या ओढणीत.

वाटीला बोट लागायच्या आत त्यानं दोन्ही हातांनी छाती धरली आणि तो आडवा झाला. "गोळी चढली... मेलो, मेलो!"

एकच गलका उडाला. वसराम पांढराफटक पडला. त्यानंच दारूचं मडकं लाथेनं उलटं केलं, त्यानंच भावसिंगला गाडीत घातलं. "बास झालं! सोयरीक पक्की! ह्या मानसाला पुन्हा कुनी थेंब दिला तर माझ्याशी गाठ हाय!" नायक डोकं धरून बसला.

तांडा मागं पडला. द्वारकाबाई एका हातानं बैल हाकत होती, दुसऱ्या हातानं डोळे पुसत होती. तेवढ्यात खाटेवर भावसिंग उठून बसला.

"हळू हाक. काय झालं न्हाई मला."

तिनं कासरा ओढून गाडी थांबवली. मग कमरेची गोळ्यांची डबी काढली, उघडली. "म्हंजी ह्या समद्या..."

त्यानं तिच्या तोंडावर हात ठेवला. "उद्या सकाळी दे. परवाबी दे. गिळलेली बघ, बराबर पहिल्यावानी. आन् कुनाला सांगू नको. नायकाला न्हाई, वसरामला न्हाई."

"पर खडूच हाय की वो ती!"

भावसिंगनं डबी बंद करून तिच्या ओटीत टाकली.

"मलाबी सांगू नको," तो म्हणाला.