लक्ष्मीपूजनाचा एक लॉट

अनुपमाचं राजीनाम्याचं पत्र शुक्रवारीच लिहून तयार होतं, फक्त पाठवायचं बाकी होतं. तिने आणि तिच्या कॉलेजच्या मित्राने, सुबोधने, दीड वर्ष खपून शेअरच्या वायद्यांत तासा-दोन तासांचे सौदे करणारा प्रोग्रॅम लिहिला होता. जुन्या भावांवर चालवला की तो पैसे कमवायचा. म्हणजे एका डेटावर कमवायचा, दुसऱ्यावर जेमतेम तग धरायचा. घोडं पेंड खात होतं ते तिथेच.

दोन कंपन्यांनी मागच्या काही वर्षांचे मिनिटामिनिटाचे भाव फुकट वापरून बघायला दिले होते. ती मुदत आज, शनिवारी, संपत होती. पहिली कंपनी स्वस्त, आणि तिच्या डेटावरचा नफ्याचा आलेख इतका देखणा की सुबोधने तो फोनच्या वॉलपेपरला लावला होता. दुसरी तिप्पट महाग आणि तिचा आलेख रडू यावं असा. उगाच शंका काढू नकोस, असं सुबोध दुपारपासून आळवत होता. खरं तर अनुपमालाही मनातून स्वस्तवालाच हवा होता. तो खरा असता तर सोमवारपासून ऑफिसचं तोंड बघायला नको होतं.

तेवढ्यात तिचे बाबा चहा घेऊन आले. नंदू परबांनी तीस वर्षं एका दलालाच्या ऑफिसात सौदे टाकले होते, आधी घसा फोडून, मग संगणकावर. चार वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले, पण घाटकोपरच्या त्या दोन खोल्यांत भाव हा शब्द निघाला की त्यांचे कान अजून टवकारायचे. स्क्रीनवर सर्वांत जास्त नफ्याच्या दिवसांची, सौद्यांच्या वेळांसकट, यादी होती. पहिलीच तारीख बघून ते कप हातात घेऊनच थांबले.

"ह्या तर लक्ष्मीपूजन गो," ते म्हणाले. "सकाळी अकराक बाजार खंय उघडलेलो?"

लक्ष्मीपूजनाला बाजार दिवसभर बंद असतो, मुहूर्ताच्या सौद्यांना काय तो तासभर उघडतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. अनुपमाने भराभर इतर तारखा तपासल्या. जिथे सौदाच झाला नव्हता तिथे स्वस्त कंपनीने एका भावापासून दुसऱ्या भावापर्यंत सरळ उतार आखून जागा भरली होती, आणि प्रोग्रॅम त्या घसरगुंडीवर मजेत नफा कमवत होता.

"वाट लागली," सुबोध म्हणाला. मग त्याने रास्त प्रश्न विचारला, की महागवाल्यांनीही असंच काही केलं नसेल कशावरून?

आता नंदूंचा चेहरा लाल झाला. बरंच खाकरून त्यांनी घरात कधीच न सांगितलेली गोष्ट सांगितली. त्यांचं ते ऑफिसातलं शेवटचं लक्ष्मीपूजन. बोटांना कुंकू, तोंडात पेढा, आणि शेठचा मुहूर्ताचा एक लॉट, म्हणजे शेअरांचा एक ठरलेला गठ्ठा, घ्यायची घाई. एका सिमेंट कंपनीचा नोव्हेंबरअखेर संपणारा वायदा घ्यायचा तर त्यांनी जानेवारीचा घेतला, ज्याला त्या दिवसांत कुत्रंही विचारत नव्हतं; दिवसभरातला तो एकमेव सौदा. शेठ हसले, पण ऑफिसने त्यांचं नाव जानेवारी पाडलं. निरोपाच्या केकवरसुद्धा तेच लिहिलं होतं.

अनुपमाने स्वस्त डेटात त्या दिवसाचा तो जानेवारीचा वायदा उघडला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर मिनिटाला भाव. मग महागवाल्यांचा उघडला. दिवसभर काही नाही. मुहूर्ताच्या तासातही बाकीची सगळी मिनिटं रिकामी, आणि संध्याकाळी सहा तेवीसला एकच ओळ. एक सौदा, एक लॉट.

नंदूंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"माझी चूकसुद्धा जशीच्या तशी ठेवलीय यांनी," ते म्हणाले. "हाच घे."

अनुपमाला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सोमवारी पुन्हा ऑफिस होतं, प्रोग्रॅम अर्धा मोडून नव्याने बांधायचा होता, आणि तरी तिला महिन्याभरात इतकं हलकं वाटलं नव्हतं. खोट्या उतारावर आपण नोकरी सोडणार होतो. तिने पत्र पुसून टाकलं आणि महाग डेटाचं वर्षाचं शुल्क आपल्या पगारातून भरलं. सुबोधने वॉलपेपर काढून तिथे ती एक ओळ लावली.

नंदू मात्र तोवर फोन घेऊन खिडकीशी गेले होते. जुन्या ऑफिसातल्या मुकुलने फोन उचलताच ते छाती काढून म्हणाले, "अरे मुकुल, जानेवारी बोलतोय."