हवेत ठेवलेले नाव

मित्रांनो, मी एक जुने नाव आहे. पेलागिया. किनारा दिसेनासा होतो तिथल्या समुद्राला ग्रीक भाषेत जो शब्द आहे, त्यातून मी जन्मले. पुढे एका संत स्त्रीमुळे मी दूरवर पोहोचले. रशियात मी पेलागेया झाले. अथेन्समधल्या घाईच्या लोकांनी माझी नुसती लिया केली. तिनोस बेटावर मात्र मी अख्खी राहिले. इथे जुलैत माझा सण येई, तेव्हा घरोघरी दारे उघडी असत, आणि गल्लीत मला हाक मारली की चार बायका 'ओ' देत.

त्यांतली एक कोळ्याची विधवा होती. आपल्यामागे मी उरावे, एवढाच तिचा ध्यास. इथे पहिल्या मुलीला नवऱ्याच्या आईचे नाव मिळते, दुसरीला बायकोच्या आईचे. म्हणून ती आपल्या गरोदर लेकीला, आरेतीला, चिडवी.

"ही तुझ्या सासूची गं. हिला उरक आणि माझीच्या तयारीला लाग!"

"आई, आधी ही तर येऊ दे!"

ती फार लवकर आली. हिवाळा होता, वारा पिसाळला होता, बोटी बंद होत्या आणि मोठे इस्पितळ शेजारच्या बेटावर. मी समुद्राची, आणि त्या दिवशी समुद्रानेच वाट अडवली. बाळ निळे पडू लागले. नाव ठेवायला धर्मगुरू येईपर्यंत ते टिकणार नव्हते. अशा वेळी जवळ असेल त्याने बाळाला तीनदा हवेत उचलून नाव द्यायचे असते. बिननावाचे जाऊ द्यायचे नसते. पेलागियाने नातीला उचलले. जिवंत विहिणीचे नाव मरणाच्या हाती द्यायला तिचे मन धजेना. तिने स्वतःचे दिले.

त्या बाळापाशी मी थोडाच वेळ होते.

आरेतीला पुन्हा मुलगी झाली. तिला सासूचे नाव मिळाले. पेलागियाचे देऊन झाले होते. बारशाला ती एवढेच म्हणाली, "सुरेख. निरोगी राहो." जिला मी पुन्हा मिळाले असते, अशी तिसरी झालीच नाही. त्या घराने माझा सण बंद केला. लेकीला दुखेल म्हणून आई मला घेईना, आणि आईला दुखेल म्हणून लेक.

गेल्या वसंतात पेलागिया गेली. आरेतीने संगमरवर कोरणाऱ्या याकोवोसकाकांना थडग्यासाठी दोन ओळी सांगितल्या.

"पोरी, एकच नाव दोनदा सांगतेस. रडून रडून भान राहिलं नाही तुला."

"नाही काका. त्या दोघी आहेत."

"दुसरी कोण?"

आरेतीने दुसऱ्या ओळीच्या जागी दगडावर बोट ठेवले.

"पेलागिया. माझी पहिली मुलगी."

काकांनी टोपी काढली.

मित्रांनो, तुमच्याही घरात दुखते म्हणून कुणी न घेतलेले एखादे नाव असेल. ते जेवताना, दिवा लावताना सहज घेत जा. आम्हाला पाय नसतात. आम्ही माणसांच्या तोंडूनच चालतो. आरेतीने मला अखेर उच्चारले. पण ते जिने ऐकायला हवे होते, ती तेव्हा नव्हती.