ऋषिकेशचे बारा प्रयोग

जगदेव सरांची सगळी कारकीर्द एका प्रयोगावर उभी होती. पॅलेडियमसारख्या महागड्या धातूऐवजी साधं लोखंड उत्प्रेरक म्हणून वापरून त्यांनी दोन सेंद्रिय संयुगं जोडून दाखवली होती, तीही मंगरूळपीरच्या कॉलेजात, जिथे नळाला पाणी येईल याचीसुद्धा खात्री नसायची. शोधनिबंध छापून आला, सत्कार झाले, शाली कपाटात मावेनात.

आणि निवृत्तीला चार महिने उरले असताना त्यांच्या शेवटच्या विद्यार्थिनीने, तनुजाने, खरं काय ते शोधून काढलं. चंबूत टाकून फिरवायचा ढवळणीचा चुंबक सर वर्षानुवर्षं धुऊन धुऊन तोच वापरत आले होते. कुठल्याशा जुन्या प्रयोगातलं पॅलेडियम त्याच्या चिरांत अडकून बसलं होतं. काम ते करत होतं, नाव मात्र लोखंडाचं होत होतं. कोरा चुंबक टाकला की चंबूत ढिम्म काही घडत नव्हतं.

निबंध मागे घेतल्याचं पत्र सरांनी त्याच दिवशी पाठवलं. ते जड गेलं, पण जमलं. जीव खाऊ लागली ती दुसरीच आठवण. अकरा वर्षांपूर्वी ऋषिकेश नावाच्या त्यांच्या विद्यार्थ्याने हाच प्रयोग बारा वेळा केला होता आणि बाराही वेळा तो फसला होता. पोरगा भारी टापटिपीचा. दरवेळी नवं पाकीट फोडून कोरा चुंबक घ्यायचा. सरांनी त्याला सगळ्यांदेखत झापलं होतं, "तुले धड मोजता येत नाही, तं केमिस्ट्री कायले करून राह्यला?" महिनाभरात त्याने पीएचडी सोडली.

रविवारी सर ऋषिकेशच्या गावी, केनवडला गेले. तो वांग्याच्या मळ्यात होता. त्याने सरांना बाजेवर बसवलं, बायकोला, शुभांगीला, चहा ठेवायला सांगितलं. सरांनी एका दमात सगळं सांगून टाकलं.

"तू बरोबर होता रे. चूक माही होती."

ऋषिकेशने हाताची माती झटकली. मग म्हणाला, "बारा डाव केला होता सर मी."

"हो."

चहा देऊन शुभांगी फवारणीच्या पंपाकडे वळली. बाटलीतलं औषध झाकणाने मोजून पंपात ओतू लागली. सर तिकडे पाहतायत हे तिच्या ध्यानात आलं.

"हे काम माह्याकडेच हाय, सर," ती हसत म्हणाली. "लगनापासून. एवढे शिकलेले, पन एक झाकन मोजाचा भरोसा नाही यायले सोताचा."

ऋषिकेशही सवयीने हसला.